कोवळ्या वयातली वेगवान गोलंदाजी आणि कमरेचे दुखणे

वाढत्या वयातल्या वेगवान गोलंदाजाची कंबर दुखू लागली की घरात आणि मैदानावर पहिला अंदाज ठरलेला असतो: उसण भरली. मग शेक, मालीश, दोन दिवस विश्रांती, फार तर एक वेदनाशामक गोळी, आणि रविवारी पुन्हा सामना. पुष्कळदा तो अंदाज बरोबरही असतो. पण शाळा-कॉलेजच्या वयातल्या वेगवान गोलंदाजांत कमरेच्या दुखण्यामागे मणक्याच्या हाडाला पडू लागलेली बारीक चीर असण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा कितीतरी अधिक असते. ही चीर पडल्याने किंवा धडकेने येत नाही. आठवडेच्या आठवडे, महिनोन्‌महिने टाकलेल्या चेंडूंचा तो साचलेला परिणाम असतो, आणि त्या चेंडूंचा हिशेब बहुतेक वेळा कोणीच ठेवलेला नसतो. शाळेच्या सरांना शाळेचे सामने ठाऊक, क्लबला क्लबचे, कॅम्पच्या कोचला फक्त आपले नेट्स. बेरीज होते ती मुलाच्या पाठीत. या दुखण्याचा प्रतिबंध समजून घ्यायचा तर या बेरजेपासूनच सुरुवात करावी लागते.

हा प्रश्न कोलकात्यात जितका उघड्यावर दिसतो तितका फार थोड्या ठिकाणी दिसत असेल. एस्प्लनेडला मेट्रोतून किंवा धर्मतल्याच्या बसमधून उतरून शहीद मिनारच्या बाजूने चालू लागले की समोर मैदान पसरते. ही जमीन लष्कराच्या अखत्यारीत आहे, त्यामुळे क्लबांना तिथे मनासारखे बांधकाम करता येत नाही, आणि त्यांच्या जागांना आजही तंबूच म्हणतात. कलकत्ता क्रिकेट क्लबची नोंद १७९२ पासून सापडते. ईडन गार्डन्सचे मैदान १८६४ मधले, तिथली पहिली कसोटी जानेवारी १९३४ मधली. मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहमेडन स्पोर्टिंग ही नावे उरलेल्या देशाला फुटबॉलमुळे माहीत आहेत. पण मैदानावरच्या क्रिकेट लीगमध्येही ती आहेत, आणि त्यांच्या जोडीला टाउन, काळीघाट, एरियन, डलहौसी असे जुने क्लब. हिवाळ्यातल्या सकाळी सियालदह आणि हावड्याकडून आलेली मुले खांद्यावर किटबॅग घेऊन याच रस्त्याने आत शिरतात. त्यांतली कित्येक पहाटेच्या लोकलमध्ये तास-दीड तास उभी राहून आलेली असतात.

या वाटेने भारताला वेगवान गोलंदाज मिळाले आहेत. अशोक डिंडा पूर्व मेदिनीपूरच्या खेड्यातून आला. मोहम्मद शमी उत्तर प्रदेशातल्या अमरोह्याचा, पण तो घडला कोलकात्याच्या क्लब क्रिकेटमध्ये. मुकेश कुमार गोपालगंजचा, आकाश दीप सासारामचा. दोघेही बिहारचे आणि दोघेही बंगालकडून खेळून कसोटीपर्यंत पोहोचले. झुलन गोस्वामी नदिया जिल्ह्यातल्या चाकदहाहून पहाटेची लोकल पकडून दक्षिण कोलकात्यातल्या विवेकानंद पार्कवर सरावाला येत असे. ती सप्टेंबर २०२२ मध्ये लॉर्ड्सवर निवृत्त झाली तेव्हा तिच्या नावावर ३५५ आंतरराष्ट्रीय बळी होते. पुढे पोहोचलेल्यांची नावे अशी सांगता येतात. सतराव्या-अठराव्या वर्षी पाठ धरली म्हणून ज्यांनी खेळ सोडला त्यांची यादी कुठल्याही क्लबाच्या तंबूत लावलेली नसते, आणि खरी चिंता त्यांचीच आहे.

चीर पडते ती जागा लहान आहे. कमरेत पाच मणके असतात. प्रत्येक मणक्याचा पुढचा गोल भाग शरीराचे वजन पेलतो आणि मागच्या बाजूला हाडाची एक कमान असते. या कमानीतून वर आणि खाली सांध्याचे फाटे निघतात. वरच्या आणि खालच्या फाट्याला जोडणारा हाडाचा अरुंद भाग म्हणजे पार्स. पाठ मागे वाकवली, एका बाजूला कलवली आणि त्याच क्षणी वळवली, तर या अरुंद भागावर सर्वाधिक ताण येतो. त्यातही सर्वात खालचा पाचवा मणका आणि त्यावरचा चौथा यांना धोका अधिक. हाड ही जिवंत गोष्ट आहे. ताण आला की त्यात अतिसूक्ष्म इजा होते, शरीर ती भरून काढते आणि भरताना हाड थोडे अधिक मजबूतही करते. या दुरुस्तीला दिवस लागतात. दुरुस्ती पुरी व्हायच्या आत पुन्हा तितकाच ताण आला, पुन्हा आला, तर आधी हाडाच्या आत सूज येते, मग एका बाजूने अर्धवट चीर, मग आरपार चीर. या चिरेला डॉक्टर स्पॉन्डिलोलिसिस म्हणतात. दोन्ही बाजूंनी आरपार चीर गेली तर वरचा मणका खालच्यावरून पुढे सरकू शकतो.

वय इथे निर्णायक ठरते. कमरेच्या मणक्यांची मागची कमान पूर्ण पक्की व्हायला विशीचा मध्य उजाडू शकतो. उंची, खांदे आणि मनगटातला जोर मात्र पंधराव्या-सोळाव्या वर्षीच आलेला असतो. म्हणजे मुलगा वेग काढू शकतो, पण त्या वेगाचा भार रोज सोसू शकेल असे हाड त्याच्याजवळ अजून नसते. वर्षभरात झपाट्याने उंची वाढलेल्या मुलाच्या बाबतीत हे अंतर आणखी रुंद होते: हाडे लांबतात, मांडीचे मागचे स्नायू ताठ राहतात, ओळखीची लय बिघडते, आणि नेमक्या त्याच वर्षी निवड समितीची नजर त्याच्यावर पडलेली असते.

एक चेंडू जवळून पाहिला तर ताणाचा उगम कळतो. उजव्या हाताचा गोलंदाज धावत येतो, उडी घेतो, मागचा म्हणजे उजवा पाय क्रीझवर टेकतो, आणि क्षणात डावा पाय पुढे आदळतो. प्रौढ वेगवान गोलंदाजांवर झालेल्या मोजण्यांत या पुढच्या पायाखाली जमिनीकडून येणारा जोर शरीराच्या वजनाच्या पाच पटींहूनही अधिक भरला आहे. गुडघा ताठ असेल तर तो जवळजवळ सगळा वर ओटीपोटाकडे आणि कमरेकडे जातो. नेमक्या याच वेळी उजवा हात वरून यावा म्हणून धड डावीकडे कललेले असते, पाठ किंचित मागे वाकलेली असते आणि खांदे वळत असतात. त्यामुळे डाव्या बाजूचा पार्स चेपला जातो. उजव्या हाताच्या गोलंदाजाला चीर बहुधा डाव्या बाजूला पडते आणि डावखुऱ्याला उजव्या बाजूला, ते याच कारणाने. वैद्याच्या दृष्टीने हा मोठा उपयोगाचा धागा आहे: गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला, एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखत असेल, तर उसण हा शब्द बाजूला ठेवावा.

या दुखण्याकडे शास्त्राचे लक्ष वेधले ते डेनिस लिलीमुळे. १९७३ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यावर ऑस्ट्रेलियाचा हा तरुण गोलंदाज कमरेच्या असह्य दुखण्याने थांबला, आणि मणक्यांना ताणाच्या चिरा असल्याचे निघाले. त्याला कित्येक आठवडे प्लास्टरमध्ये राहावे लागले. पर्थच्या वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठातले शारीरिक शिक्षणतज्ज्ञ फ्रँक पाइक यांच्या देखरेखीखाली त्याने शरीर पुन्हा बांधले, धावण्याची आणि चेंडू टाकण्याची पद्धत सुधारली आणि १९७४-७५ च्या अ‍ॅशेस मालिकेत तो परतला. त्याच विद्यापीठात पुढे ब्रूस इलियट आणि डॅरिल फॉस्टर यांनी तरुण गोलंदाजांच्या शैलीचा आणि पाठीच्या इजांचा संबंध वर्षानुवर्षे तपासला.

त्या कामातून निघालेला मुख्य निष्कर्ष आजही कोचच्या हाती असायला हवा. मागचा पाय टेकताना छाती फलंदाजापासून काटकोनात वळलेली असेल तर साइड-ऑन, छाती समोर असेल तर फ्रंट-ऑन. या दोन्ही पद्धती कमरेला तुलनेने सोसतात. धोका तिसऱ्या, मिक्स्ड अ‍ॅक्शनमध्ये आहे. तिच्यात कंबर एका दिशेला आणि खांदे दुसऱ्या दिशेला असतात, आणि चेंडू सुटण्यापूर्वी खांदे उलटे, तीस-चाळीस अंशांहून जास्त, फिरतात. पुढच्या संशोधनात एका बाजूला होणाऱ्या धडाच्या अतिरिक्त कलण्यालाही तितकेच महत्त्व आले. हे दोष साध्या डोळ्यांना नेहमी दिसत नाहीत. पण मोबाइलवर मागून आणि बाजूने संथ गतीत चित्रीकरण केले तर शाळेच्या सरांनाही दिसू शकतात. शैलीत बदल करायचा तो तेराव्या-चौदाव्या वर्षी, हंगाम नसताना, थोड्या चेंडूंत. अठराव्या वर्षी निवड चाचणीच्या आदल्या महिन्यात केलेला बदल उपायापेक्षा अपायच अधिक करतो.

तरीही शैली हे अर्धेच उत्तर आहे. निर्दोष शैलीच्या मुलालाही चेंडूंची संख्या आडवी पाडू शकते. मैदानाचा हंगामही इथे विरुद्ध जातो. पावसाळ्यात मैदानावरच्या कित्येक जागा फुटबॉलच्या असतात. क्रिकेट सुरू होते ते पाऊस ओसरल्यावर. जून ते सप्टेंबर ज्या मुलाने फारसे चेंडू टाकलेले नाहीत, त्याच्यावर नोव्हेंबरात एकदम शाळा, क्लब, जिल्हा आणि कॅम्प असे चारही बाजूंनी सामने येऊन पडतात. हाडाला सवय असते ती हळू वाढणाऱ्या भाराची. इथे भार शून्यावरून एकदम शिखरावर जातो. मुंबईत चित्र थोडे निराळे आहे. तिथे १९४८ पासून चालत आलेली कांगा लीग पावसातच खेळली जाते, त्यानंतर गाइल्स आणि हॅरिस शिल्ड या शालेय स्पर्धा, त्यानंतर वयोगटांचे सामने. म्हणजे मुंबईच्या मुलाला अचानक चढ कमी, पण वर्षभरात विसावाही कमी. दोन्ही शहरांत एका गोष्टीचा अभाव सारखाच आहे, तो म्हणजे मोजण्याचा.

समजा, पंधरा वर्षांचा एक मुलगा मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सकाळी कॅम्पात नेट्सवर प्रत्येकी १० षटके टाकतो. ते झाले १८० चेंडू. शुक्रवारी शाळेचा सामना, ८ षटके, ४८ चेंडू. रविवारी क्लबचा सामना, १२ षटके, ७२ चेंडू. दोन्ही सामन्यांपूर्वी हात मोकळा करायला बारा-बारा चेंडू. आठवड्याची बेरीज ३२४ चेंडू, म्हणजे ५४ षटके. स्कोअरबुकात मात्र दिसतात फक्त २० षटके. वर गुरुवार ते रविवार असे सलग चार दिवस त्याने पूर्ण जोराने चेंडू टाकले आहेत, हे तर कुठेच दिसत नाही. शाळेच्या, क्लबच्या आणि कॅम्पच्या माणसांपैकी एकानेही निष्काळजीपणा केलेला नाही. प्रत्येकाने आपल्या वाट्याचे माफकच मागितले. हाच या दुखण्याचा सर्वात अवघड भाग आहे.

इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने यासाठी वयानुसार मर्यादा आखल्या आहेत. तेरा वर्षांखालच्या वेगवान गोलंदाजाला एका स्पेलमध्ये ५ आणि दिवसात १० षटके. एकोणीस वर्षांखालच्याला एका स्पेलमध्ये ७ आणि दिवसात १८. एक स्पेल संपला की त्याच टोकाकडून तितकीच षटके दुसऱ्यांनी टाकल्याखेरीज त्याच्या हाती पुन्हा चेंडू द्यायचा नाही. शिवाय सात दिवसांत चारपेक्षा जास्त दिवस गोलंदाजी नको, आणि सलग दोनपेक्षा जास्त दिवस तर नकोच. वरच्या उदाहरणातला मुलगा एका दिवसाची मर्यादा मोडत नाही. आठवड्याच्या दोन्ही अटी मात्र मोडतो: पाच दिवस गोलंदाजी, त्यांतले चार सलग. दिवसाची षटके मोजणे पंचाला किंवा कर्णधाराला जमते. आठवडा मोजायचा तर वही मुलाकडेच हवी. तारीख, सामना की नेट्स, किती चेंडू, किती जोराने, दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर कशी होती: पाच रकाने. ही वही शाळा, क्लब आणि कॅम्प तिन्हीकडे दाखवायची आणि तिच्यावर तिघांनी विश्वास ठेवायचा. या विषयात यापेक्षा स्वस्त आणि परिणामकारक दुसरा उपाय नाही. हंगामाच्या सुरुवातीला आठवड्याचे चेंडू टप्प्याटप्प्याने वाढवत न्यायचे, आणि पावसाळ्यातही गोलंदाजी पूर्ण बंद न ठेवता आठवड्यातून दोनदा थोडे चेंडू टाकत राहायचे, हे त्या वहीतूनच सुचते.

हे सारे फक्त क्रिकेटचे नाही. महाराष्ट्रातल्या शालेय स्पर्धांत खेळल्या जाणाऱ्या सॉफ्टबॉलमध्ये पिचर हात खालून, पूर्ण वर्तुळ फिरवून चेंडू फेकते. खालून फेकलेला चेंडू शरीराला सोपा, अशी समजूत रूढ आहे, आणि तिच्यापायी एकच मुलगी दिवसात दोन-दोन, तीन-तीन सामने काढते. पण तिथेही पुढचा पाय लांब टाकून आदळतो, ओटीपोट अडते, धड वळते आणि कलते, आणि भार कमरेतून खांद्याकडे जातो. अमेरिकेतल्या लिटल लीग बेसबॉलमध्ये २००७ पासून मुलांचे चेंडू मोजून मर्यादा घातली जाते. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू मोजण्याची शिस्त तितकी रुजलेली नाही. पिचर असो की गोलंदाज, संघात एकच भरवशाचा हात असला की तो झिजवला जातो, हे दोन्ही खेळांत सारखेच.

मैदानावरची माती हाही एक भाग आहे. फुटबॉल खेळून उकरलेल्या, मग घाईने रोलर फिरवलेल्या जागेवर क्रीझपुढे खड्डा पडतो. पुढचा पाय त्या खड्ड्याच्या काठावर टेकला तर घोटा, गुडघा आणि कंबर तिघांना वेगळ्याच कोनात झटका बसतो. नेट्सच्या सिमेंटच्या किंवा मॅटिंगच्या पट्टीवर झिजलेल्या बुटांनी रोज शंभर चेंडू टाकणे त्याहून वाईट. चांगल्या टाचेचे बूट महाग असतात आणि साध्या घरांतल्या मुलांना ते परवडत नाहीत. क्लबाने दोन बॅट कमी घेतल्या आणि गोलंदाजांसाठी बूट घेतले तर तो खर्च सत्कारणी लागेल.

शरीराची तयारी म्हणजे जिममध्ये वजने उचलणे, असे अनेक पालकांना वाटते. कमरेच्या रक्षणासाठी खरी गरज असते ती नितंबाच्या आणि पोटाच्या खोल स्नायूंना धड स्थिर धरायला शिकवण्याची, मांडीचे मागचे स्नायू सैल ठेवण्याची आणि खुब्याची हालचाल मोकळी ठेवण्याची. खुबा वळत नसेल तर वळण्याचे काम कंबर करते, आणि ते तिचे काम नाही. प्लँक, एका पायावर उभे राहून वाकणे, पाठ सरळ ठेवून बसणे-उठणे हे सारे मैदानाच्या कडेला, पैसा न खर्चता करता येते. आहाराकडेही तितकेच लक्ष हवे. पहाटे चारला उठून चहा-बिस्किटावर निघालेला मुलगा दुपारी दोनला जेवत असेल तर त्याच्या हाडाला दुरुस्तीचे साहित्य मिळत नाही. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पुरेसे हवे. भारतातल्या शहरांत उन्हात खेळणाऱ्या मुलांतही ड जीवनसत्त्व कमी सापडते, म्हणून वारंवार दुखत असेल तर ते तपासून घेणे योग्य. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट उघडपणे बोलली पाहिजे. खेळाच्या श्रमांच्या मानाने खाणे कमी पडले की पाळी अनियमित होते किंवा थांबते, आणि त्याबरोबर हाडाची घनता घटते. पाळी चुकली तर सरावाला बरेच झाले, असे समजणाऱ्या मुली आणि गप्प बसणाऱ्या आया दोघींनी हे धोक्याचे चिन्ह म्हणून ओळखायला हवे.

दुखणे सुरू होते ते फार सौम्यपणे. सामन्यानंतर संध्याकाळी कंबर आखडते, सकाळी मोकळी होते. मग दुसऱ्या स्पेलमध्ये कळ येऊ लागते. मग पहिल्याच षटकात. पाठ मागे वाकवली, विशेषतः एका पायावर उभे राहून, की एका बाजूला दुखते. पुढे वाकताना तितके दुखत नाही. पायात कळ जात नाही, म्हणून नस दबलेली नाही असे सांगून धीर दिला जातो. या टप्प्यावर दुखणे अंगावर काढणे सर्वात महाग पडते. सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये बहुधा काहीच दिसत नाही. एक्स-रे चांगला आला म्हणून मुलगा पुन्हा खेळू लागतो, आणि भरून येऊ शकली असती ती सूज महिन्या-दोन महिन्यांत चीर बनते. एमआरआयमध्ये हाडाच्या आतली सूज चीर पडण्यापूर्वीही दिसू शकते. सीटी स्कॅनमध्ये चीर स्पष्ट दिसते, पण त्यात किरणोत्सर्ग जास्त असल्याने वाढत्या वयात तो गरजेपुरताच करतात. उलट बाजूही सांगायला हवी: साधारण पाच-सहा टक्के प्रौढांच्या मणक्यात अशी चीर असते आणि त्यांतल्या अनेकांना तिचा आयुष्यभर पत्ता नसतो. म्हणून नुसते चित्र पाहून घाबरायचे नाही. चित्र, दुखण्याची बाजू आणि चेंडूंची वही तिन्ही एकत्र पाहून निदान होते. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, ताप, वजन घटणे, पायातली बधिरता किंवा अशक्तपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे यांपैकी काहीही असेल तर मात्र एक दिवसही न थांबता रुग्णालय गाठायचे.

उपचाराचा पहिला भाग सर्वात साधा आणि पाळायला सर्वात कठीण: गोलंदाजी बंद. कमी नव्हे, बंद. फक्त सूज असताना पकडले तर साधारण तीन-चार महिन्यांत हाड भरू शकते. आरपार चीर असेल तर सहा महिने, कधी त्याहून अधिक, आणि तरीही ती सांधेलच असे नाही. दुखणे मात्र चार-सहा आठवड्यांतच थांबते, आणि बहुतेक चुका या जागी होतात. वेदना गेली म्हणजे हाड जुळले, असे मुलाला वाटते, घरच्यांना वाटते, आणि ऐन हंगामात क्लबलाही तसे वाटून घ्यायचे असते. वेदनाशामक गोळ्या घेऊन खेळण्याने हाडाची दुरुस्ती होत नाही, फक्त इशारा बंद होतो. कमरेचा पट्टा पहिल्या दिवसांत आराम देतो, पण स्नायूंचे काम तो करू शकत नाही. जोराची मालीश ताठरलेल्या स्नायूंना सैल करते, चिरेपर्यंत तिचा हात पोहोचत नाही.

कपिल देव १३१ कसोटी खेळला आणि त्याची एकच कसोटी चुकली. तीही १९८४-८५ च्या मोसमातली ईडन गार्डन्सवरचीच, आणि दुखापतीमुळे नव्हे तर संघातून वगळल्यामुळे. त्याचे उदाहरण देऊन मुलांना रेटण्याची पद्धत जुनी आहे. तितकेच खरे दुसरे उदाहरण पॅट कमिन्सचे: नोव्हेंबर २०११ मध्ये अठराव्या वर्षी जोहान्सबर्गला पदार्पणात सामनावीर, आणि पुढची कसोटी थेट मार्च २०१७ मध्ये रांचीला. मधली वर्षे पाठीच्या चिरांनी आणि इतर दुखापतींनी खाल्ली, पण ऑस्ट्रेलियाने त्याला थांबू दिले. जसप्रीत बुमराच्या पाठीला २०१९ मध्ये ताणाची इजा निघाली, २०२२ मध्ये पाठीमुळेच त्याचा टी-ट्वेंटी विश्वचषक हुकला, मार्च २०२३ मध्ये न्यूझीलंडमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि ऑगस्टमध्ये आयर्लंडविरुद्ध तो परतला. जानेवारी २०२५ च्या सिडनी कसोटीत आकाश दीप पाठीमुळे सामन्याआधीच बाहेर होता आणि बुमरा सामना चालू असताना. जगातली उत्तम वैद्यकीय मदत हाताशी असलेल्यांची ही गत, तर लोकलने येणाऱ्या मुलाला सावध राहण्याचे कारण जास्तच आहे. शस्त्रक्रियेत चीर स्क्रूने किंवा तारेने आवळून धरतात. न्यूझीलंडच्या शेन बाँडच्या पाठीतही अशीच तार होती. पण हा शेवटचा मार्ग आहे. महिनोन्‌महिने नीट विश्रांती आणि व्यायाम करूनही दुखणे हटत नसेल तेव्हाच त्याचा विचार करतात, आणि वाढत्या वयातल्या बहुतेक मुलांवर ती वेळ येत नाही.

बंदीच्या काळात मुलगा रिकामा राहत नाही. दैनंदिन हालचाल दुखण्याविना होऊ लागली की पोट आणि नितंबाचे व्यायाम, मग चालणे, पोहणे, सायकल, मग सरळ धावणे. मागे वाकण्याचे प्रकार सर्वात शेवटी. संघाबरोबर राहणे, स्लिपमध्ये झेल घेणे, पुढे फलंदाजीचा हलका सराव हे फिजिओच्या संमतीने चालते, आणि मनासाठी त्याची गरजही असते. सोळा वर्षांच्या मुलाला सहा महिने मैदानाबाहेर बसवले तर तो लपून चेंडू टाकतो. परत गोलंदाजी सुरू करण्याचा निर्णय डॉक्टर आणि फिजिओने मिळून घ्यायचा, शक्य असेल तर पुन्हा एमआरआय करून. सुरुवात जागेवर उभे राहून बारा-पंधरा चेंडूंपासून, एक दिवसाआड. मग चार पावलांचा रन-अप, मग अर्धा, मग पूर्ण. आधी चेंडूंची संख्या वाढवायची, जोर नंतर. दोन्ही एकाच आठवड्यात कधीच नाही. ठरलेल्या बाजूला पुन्हा टोचले तर एक टप्पा मागे यायचे, आणि दोन-तीन दिवसांत ते गेले नाही तर थांबून डॉक्टरांना दाखवायचे. या चढणीला कित्येक आठवडे लागतात. त्यानंतरचा पहिला सामना शक्यतो एका दिवसाचा असावा, आणि चार-चार षटकांचे दोन स्पेल एवढीच मर्यादा नाणेफेकीपूर्वी कर्णधाराला आणि कोचला लेखी दिलेली असावी. वहीतली सगळी पाने त्या दिवशी किटबॅगेत असावीत, कारण सामन्याच्या मध्यावर आणखी एक षटक मागितले गेले तर सोळा वर्षांचा मुलगा स्वतःहून नाही म्हणू शकत नाही. ते काम कडेला उभ्या असलेल्या मोठ्या माणसाचे.